बिस्राच्या पडद्यावर नुसते स्वर

१६ मार्च, शनिवार

बिस्रा लग्न करतेय! आणि पोटच्या पोरीच्या लग्नाची बातमी मला आकड्यांत मिळाली.

मिन्कोच्या क्लबात बसले होते. क्लब कसला, चपलांच्या जुन्या दुकानाखालचं तळघर. ओळीने कॉम्प्युटर, खाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, आणि पडद्यावर एकमेकांना गोळ्या घालणारी पोरं. निरोप आला की पडद्यावर लुकलुकणारं ते फूल ‘अ-ओ’ करून ओरडलं. मॉन्ट्रियलहून बिस्रा: “आई, मी जूनमध्ये लग्न करणार आहे.” पण लिहिलंय कसं! आपली सिरिलिक अक्षरं नाहीतच. सगळी लॅटिन, इंग्रजीतली. आणि जिथे लॅटिनमध्ये अक्षर मिळेना तिथे सरळ आकडा ठोकलेला. सहाला आपण ‘शेस्त’ म्हणतो, म्हणून ‘श’च्या जागी सहा. चारला ‘चेतिरी’, म्हणून ‘च’च्या जागी चार. हल्ली अख्खा देश असंच लिहितो म्हणे. लिहू दे! मी त्रोयानच्या शाळेत जन्मभर भाषा शिकवली. असं लिहिणाऱ्याला सरळ दोन मार्क दिले. सहापैकी दोन म्हणजे नापास. मिन्कोलाही दिलेत, त्याचं एक वर्ष त्यातच गेलं.

फोन करून विचारावं तर फोनवर बंदी. बिस्रा गेली तेव्हापासून फोनवर आमचं ‘जेवलीस का’ पासून ‘तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस’ पर्यंत दोन मिनिटांत पोचतं आणि कुणीतरी रिसीव्हर आपटतं. म्हणून तिनेच ठरवलं — बोलायचं नाही, लिहायचं.

मुलाचं नाव जेरोम. पियानो दुरुस्त करतो. एवढंच कळलं.

१७ मार्च

सहा! माझ्या मुलीच्या लग्नाच्या बातमीत सहा!

२३ मार्च, शनिवार

आज सविस्तर उत्तर टाईप केलं. आपल्या अक्षरांत, स्वल्पविरामांसकट. कोण हा जेरोम, घरी कोण कोण, पियानो दुरुस्त करून माणसाचं पोट भरतं का, आणि लग्नात आकडे चालणार नाहीत. दोन बोटांनी टाईप करते, मान मोडून आली.

बिस्राचं उत्तर (आकड्यांत!): “आई, काहीही वाचता येत नाहीये. नुसते स्वर दिसतायत, डोक्यावर टोप्या घातलेले.”

मिन्कोला हाक मारली. त्याने तिकडच्या पडद्याचं चित्र मागवून मला दाखवलं. मी लिहिलं होतं ‘मामो’, म्हणजे आई. तिकडे उमटलं होतं Ìàìî. माझं सगळं पत्र तसंच — ई, आ, ई, ई. जेरोमने म्हणे ते मोठ्याने वाचलं आणि घाबरून विचारलं, “तुझी आई रडतेय का?”

मिन्को म्हणाला, “बाई, अक्षरं इथून आकडे होऊन जातात. आपलं मशीन तो आकडा आपल्या तक्त्यात बघतं, त्यांचं मशीन फ्रेंच तक्त्यात. ज्याच्या त्याच्या तक्त्यात जे असेल ते दिसतं.”

“मग तक्ता बदल.”

“तिकडचा बदलायला हवा, बाई. इथून कसा बदलू?”

शाळेतही याचं हेच असायचं. चूक नेहमी शेजारच्या बाकावर.

३० मार्च

मिन्कोला राहवलं नाही. “बघू तर खरं,” म्हणत इथलाच तक्ता फ्रेंच करून टाकला. बिस्राला काडीचाही फरक पडला नाही. इथे मात्र क्लबातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर ‘उघडा’, ‘बंद करा’ च्या जागी टोपीवाले स्वर. गोळ्या झाडणाऱ्यांना थांबायचं बटण सापडेना. एक जण ओरडला, “मिन्को, मी कुणाला मारतोय तेच कळत नाहीये!” मिन्को घामाघूम. संध्याकाळपर्यंत परत पूर्ववत केलं, पण एक मशीन अजून फ्रेंचच आहे. त्यावर कुणी बसत नाही.

बिस्राने जेरोमला नमस्कार लिहायला लावला. त्याचं नाव माझ्या पडद्यावर आलं ते असं: Jйrфme. मधेच आमची दोन अक्षरं घुसलेली. मला बरं वाटलं. निदान त्याचीही फजिती होते आहे.

१३ एप्रिल, शनिवार

आज बिस्राने सरळ विचारलं. “आई, हो की नाही? तू हो म्हणालीस तर जूनमध्ये लग्न करू, तू येशील, नाचशील. नाही म्हणालीस तर नगरपालिकेत जाऊन सही करून येऊ आणि तुला फोटो पाठवू. पण तुझं उत्तर मला हवंय. जेरोमलाही हवंय.”

मी दोन पानं लिहिली. हो, पण. जर, तर. शिवाय. तिकडे अर्थातच — आ, ई, ओ.

मिन्को मागे उभा होता. म्हणाला, “बाई, लॅटिनमध्ये ‘दा’ लिहा ना. ‘हो’. दोन अक्षरं! आकडासुद्धा लागत नाही.”

“मिन्को, चोवीस मेला अक्षरांच्या सणाचं भाषण कोण करतं या गावात?”

“तुम्ही, बाई.”

“मग?”

“मग काही नाही, बाई.” आणि बिया फोडत निघून गेला.

घरी येऊन गिनाला सांगितलं. शेजारीण, पण सासूसारखी बोलते. “दोन्के, तुला ‘हो’ म्हणायचंय की नाही ते आधी ठरव. अक्षरांवर ढकलू नकोस.” तिच्या जिभेला हाड नाही.

१४ एप्रिल

गिनाचं म्हणणं खरं असेल तर? नाही. तिचं कधीच खरं नसतं.

२७ एप्रिल

जेरोमच्या ओळखीचा कुणीतरी त्यांचा कॉम्प्युटर बघायला येणार होता. आज मी मुद्दाम सोपं वाक्य टाकलं: “बिस्रा, हे वाचता येतंय का?” बराच वेळ काही नाही. मग उत्तर — “नाही गं आई. अजून तसंच.” बघितलं त्याने! तिकडेही मिन्कोच असतात तर.

४ मे, शनिवार

उद्या ईस्टर. अंडी रंगवून झाली. पहिलं लाल अंडं पोरांच्या गालावरून फिरवायचं असतं, वर्षभर गाल लाल राहतात. घरात पोर कुठलं? बिस्राच्या शाळेतल्या फोटोवरून फिरवलं. काचेला रंग लागला.

क्लबात गेले तर रिकामा होता. बिस्रा तिकडे जागी होती. आणि बोटं कीबोर्डवर ठेवली तेव्हा एकदम लक्षात आलं — हिला वाचताच येत नाही! म्हणजे मी काहीही लिहू शकते! एखाद्या बहिऱ्याशी बोलावं तसं. त्याला त्रास नाही आणि आपलं मन मोकळं.

आधी जेरोमवर घसरले. त्याचा फोटो पाठवलाय तिने. ते नाक! दरवाजातून आधी नाक येईल, मग जेरोम. लिहिलं. पाठवलं. काय बरं वाटलं!

मग लिहिलं की तुझ्या खोलीत टोमॅटोची रोपं ठेवली आहेत असं मी सगळ्यांना सांगते. रोपं तिथे नाहीत. रोपं स्वयंपाकघरात खिडकीशी आहेत. तुझ्या खोलीत मी झोपते. तू गेलीस त्या दिवसापासून.

हे मी गिनाला सांगितलेलं नाही. या वहीतही आज पहिल्यांदा लिहितेय. पाठवून दिलं आणि रुमाल शोधत बसले. मिन्को येऊन म्हणाला, “धूळ फार आहे नाही बाई इथे,” आणि एरवी ज्याला झाडू माहीत नाही तो झाडायला लागला.

खूप वेळाने बिस्रा: “आई, नुसते स्वर. पण लिहीत राहा. दिसायला छान दिसतात.”

६ मे

आज पुन्हा गेले. शनिवार नसताना!

११ मे, शनिवार

मला चटकच लागलीय. आज तिला लिहिलं की तू लहानपणी माझ्यावर रागावून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसायचीस. मी बाहेरून ओरडायचे, “बस तिथेच!” आणि घरात जाऊन पडद्याआडून बघत राहायचे. अंधार पडला की बाबा तुला आणायला जायचे. पाठवायचे मीच त्यांना. बाबा वारले, आणि त्यांना मी पाठवायचे हे तुला कुणी सांगितलंच नाही.

लग्नाबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. कारण लग्नाचं ठरलंय. म्हणजे माझं ठरलंय. हो म्हणणार आहे. नाक काय, सवयीचं होईल.

पण कसं सांगायचं? मिन्कोने तोड काढली. त्याने एक कॅमेरा आणलाय, उकडलेल्या अंड्यासारखा. “पुढच्या शनिवारी बाई तुम्ही इथे बसा, ती दोघं तिथे. आवाज नाही जाणार, माइक पोरांनी तोडलाय. पण चित्र जाईल. त्यांनी विचारायचं, तुम्ही मान हलवायची. अक्षरांचा संबंधच नाही!”

मिन्कोने त्याच्या आकड्यांत तिला विचारलं, बिस्राने लगेच होकार दिला. पहिल्यांदाच मिन्कोला मनातल्या मनात चार मार्क दिले.

१४ मे, मंगळवार

रात्री अंथरुणात दचकले. मान! आपण ‘हो’ म्हणायला मान डावी-उजवीकडे हलवतो आणि ‘नाही’ म्हणायला हनुवटी वर उडवतो. बाकी सगळ्या जगाचं उलटं! जेरोम बिचारा मला मान हलवताना बघेल आणि समजेल, सासूने नकार दिला. आधीच त्याला वाटतं मी रडत असते.

म्हणजे परक्यांसारखं वर-खाली करायला हवं. सकाळपासून आरशासमोर सराव चाललाय. फार अवघड! मन ‘हो’ म्हणतं आणि मान बाजूला पळते. गिना दारातून बघत होती.

“काय करतेयस?”

“फ्रेंचमध्ये हो म्हणतेय.”

“पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी दिसतेयस.”

तिलाच समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला लावले. गिनाने विचारलं, “कॉफी घेणार?” मी वर-खाली. ती उठून गेली आणि एकच कप घेऊन आली. स्वतःसाठी.

१८ मे, शनिवार

जसं झालं तसं लिहून टाकते.

नवा ब्लाउज घातला होता. केस सेट केले होते. पडद्यावर बिस्रा दिसली. वाळलीय. शेजारी जेरोम, टाय लावलेला. नाक फोटोत दिसतं तेवढं नाही. चित्र हलत नव्हतं, थोड्या थोड्या वेळाने एकदम बदलायचं, जुने फोटो एकावर एक टाकल्यासारखं. बिस्राने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून धरलं — आपल्या अक्षरांत! हाताने! — “आई, हो की नाही?” बाजूला जेरोम हात जोडून.

मी मान वर-खाली केली. मन लावून. हनुवटी चांगली वर नेली, मग खाली. पुन्हा वर.

आणि तिथेच चित्र अडकलं. माझं. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, ओठ घट्ट. मिन्कोने पडद्याच्या कोपऱ्यात मला दाखवलं, त्यांना काय दिसतंय ते. असा करारी नकार या गावाने बघितला नसेल. मी इकडे जीव तोडून हो-हो-हो करतेय आणि तिकडे ती हनुवटी काही खाली येईना!

जेरोम हसू लागला. त्याने मला खाली-वर करताना थोडं पाहिलं असावं, त्याला कळलं. पण बिस्रा? बिस्रा माझी मुलगी. तिने माझी मान आपल्या पद्धतीने वाचली. लहानपणापासून तीच तर हनुवटी बघत आलीय. तिने कागद खाली ठेवला. जेरोम तिला काहीतरी समजावत होता, ती ऐकेना. मग उठली आणि कॅमेरा बंद झाला.

मी परक्यासाठी मान बदलली आणि पोरीने ती घरच्यासारखी वाचली. काय करू मी!

१९ मे

फोन केला. करार मोडून. उचलत नाही. पुन्हा केला. जेरोमने उचलला. मी “हो! हो!” म्हणाले, तो “आलो! आलो!” म्हणाला. ‘आलो’ म्हणजे त्यांचं ‘हॅलो’; त्याला वाटलं मीही तेच म्हणतेय. मग काहीतरी फ्रेंच बोलला. मी ठेवून दिला.

२१ मे, मंगळवार

सगळं लिहिलं. आपल्या अक्षरांत. मान का उलटी हलवली, आरसा, गिना, कॉफी, सगळं. आणि हो म्हणाले होते गं, हो, कर लग्न, मी येते. पाठवलं. उत्तर नाही. येणार कुठून, तिकडे गेले असतील ते आ आणि ई.

मिन्कोने जाता जाता कीबोर्ड लॅटिनवर करून ठेवला. कळतं मला त्याला काय म्हणायचंय ते.

२३ मे

भाषणाची तयारी नाही. झोप नाही.

२४ मे, शुक्रवार

मिरवणूक छान झाली. सिरिल आणि मेथोडियस, अक्षरं देणारे दोघे भाऊ, त्यांचा मोठा फोटो लाल फुलांच्या हारात. पोरं पांढऱ्या शर्टांत. बँड. मला सगळ्यांनी फुलं दिली, हातात मावेनात. नगराध्यक्षांनी हाताचं चुंबन घेतलं.

मग वाचनालयाच्या पायरीवर भाषण. दरवर्षी तेच करते, पाठच आहे. “ज्याने आपली अक्षरं सोडली त्याने आपल्या आईला सोडलं!” इथे टाळ्या पडतात. पडल्या. आणि पुढचं वाक्य बाजूलाच राहिलं. मी अक्षरं धरून बसलेय. आणि मुलगी? मुलगी सोडलीय की मी! टाळ्या थांबल्या. सगळे बघतायत. मी म्हणाले, “सणाच्या शुभेच्छा,” आणि पायऱ्या उतरले. बँडवाल्यांना काही कळेना, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तशीच मिन्कोच्या तळघरात. ब्लाउजला फूल, हातात फुलं. मिरवणुकीतली निम्मी पोरं माझ्या आधी पोचलेली! मी आत शिरताच सगळी उठून उभी राहिली. अजून उठतात.

“बसा. मिन्को, मशीन दे.”

लॅटिन अक्षरं एकेक शोधत बसले. ‘दा’ लिहिलं. जगबुडी झाली नाही. मग पुन्हा ‘दा’. मग मानेचंही लिहिलं: परक्यांसारखी हलवली, जेरोमसाठी. मग ‘मी येईन’ लिहायचं होतं, आपल्याकडे त्यात ‘श’ येतो, आणि ऐन वेळी आकडा आठवेना. सगळ्या खोलीला ऐकू जाणार होतं, पण इलाज नव्हता.

“मिन्को... ‘श’ म्हणजे कोणता आकडा?”

अख्खं तळघर एका सुरात, पाढे म्हणावेत तसं: “सहा, बाई!”

“आणि ‘च’?”

“चार, बाई!!”

गोळीबार बंद. सगळी माझ्या खुर्चीमागे गोळा. एक जण म्हणाला, “बाई, इथे लोक कॅपिटल अक्षरं नाही वापरत.” मी म्हटलं, “लोक नसतील वापरत!” वाक्याच्या शेवटी पूर्णविरामही दिला. पाठवून दिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अशुद्ध वाक्य, आणि एवढं खरं मी आजवर काही लिहिलं नसेल.

मिन्कोने पडद्याकडे बघून मान डोलावली. “तीन देतो, बाई. काठावर पास.” असली दाद माझ्या भाषणाला कधी मिळाली नव्हती.

उत्तर मात्र आलं नाही. फुलं क्लबातच विसरले.

२५ मे, शनिवार

उत्तर आलं. आपल्या अक्षरांत! एकेक अक्षर जागच्या जागी.

“आई, आमचं मशीन ईस्टरच्या आधीच नीट झालं. तेव्हापासून सगळं वाचतेय. झोपायची खोली, खुराडं, जेरोमचं नाक, त्यालाही वाचून दाखवलं. मानेचं मंगळवारीच कळलं. पण तुला सांगितलं असतं तर तू लिहायची थांबली असतीस. मला तेवढं हवं होतं. आता सांगते, कारण काल तुझे ते आकडे बघून मला खूप रडू आलं. लवकर ये. आणि लिही. आज काय लिहिणार?”

मी कितीतरी वेळ कीबोर्डसमोर बसून होते. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. मला एक अक्षर सुचेना.